नटाला थांबायला जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात मध्यंतरी एका वाचकांचं पत्र आलं होतं. मालिकांत काम करणाऱ्यांना अभिनय येत नाही, चेहरा देखणा असला की तिथे भागतं, खरा नट फक्त नाटकात दिसतो, असा त्या पत्राचा सूर होता. मला तो मुळीच पटला नाही. उत्तर लिहायला उशीर झाला, कारण त्याच दिवसांत मी काही ब्रिटिश मालिका बघत होते आणि त्या पुऱ्या बघून झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. पत्र लांबलं आहे. जमल्यास पूर्ण छापावं ही विनंती.

मी अमळनेरची. माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. शाळेच्या जोडीने बरीच वर्षं गावातल्या हौशी नाट्यसंस्थेत प्रॉम्प्टिंग केलं. राज्य नाट्य स्पर्धेत जळगाव केंद्रावर आमचं नाटक असलं की माझी जागा ठरलेली असायची. उजवी विंग, मांडीवर संहितेची वही, हातात लहान टॉर्च. प्रेक्षक नाटक समोरून बघतात, मी ते कडेने बघितलं. कडेने बघणाऱ्याला एक गोष्ट शिकावीच लागते. नट थांबला, तर तो वाक्य विसरलाय की भूमिकेत थांबलाय, हे तिथल्या तिथे ओळखायचं. विसरला असेल आणि मी वाक्य दिलं नाही, तर प्रवेश पडतो. भूमिकेत थांबला असेल आणि मी घाईने वाक्य पुरवलं, तर त्याने महिनाभर तालमीत जमवलेली जागा मी मारून टाकते. खूण डोळ्यांत असते, आणि त्याहून जास्त श्वासात. विसरलेल्या नटाचा श्वास वर अडकतो, खांदे किंचित उचलले जातात, नजर विंगेकडे वळायला लागते. भूमिकेत थांबलेल्याचा श्वास खाली पोटात असतो आणि तो समोरच्या पात्रावरून नजर काढत नाही. अभिनयाची माझी पारख या एवढ्यावर उभी आहे, आणि आजवर तिने मला दगा दिलेला नाही.

आमच्याकडचा मे महिना आपल्याला सांगायला नको. पारा पंचेचाळिसाला टेकला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पापड-कुरडयांचं काम सकाळी उन्हं चढायच्या आत गच्चीवर उरकायचं आणि मग दारं-खिडक्या लावून कूलरसमोर बसायचं. या उन्हाळ्यात मुलाने टीव्हीला ओटीटी जोडून दिलं, आणि कापडण्याहून माझ्या जाऊबाई राहायला आल्या. आम्ही दोघींनी ब्रिटिश मालिका लावल्या. एक भाग संपला की पुढचा, असं करता करता रात्रीची जेवणंही टीव्हीसमोरच व्हायला लागली. जाऊबाईंना इंग्रजी येत नाही. कूलरच्या आवाजात मलाही खालची अक्षरं वाचावी लागायची, ती वाचून मी त्यांना अहिराणीत अर्थ सांगायचे. दोन-तीन दिवसांनी त्या मला गप्प करायला लागल्या: "नको सांगू, माले दिखी ऱ्हायनं." आणि खरंच त्यांना दिसत होतं. 'हॅपी व्हॅली' नावाच्या मालिकेत पैशांच्या पेचात सापडलेला एक अकाउंटंट आपल्या मालकासमोर उभा असतो. मालकाच्या मुलीला पळवण्याची कल्पना याचीच, आणि आता त्याच मालकाला याने धीर द्यायचा आहे. त्या मालिकेचे सुरुवातीचे प्रसंग जाऊबाईंनी पाहिले नव्हते, त्या मागून येऊन बसल्या होत्या. स्टीव्ह पेंबर्टन या नटाचा चेहरा त्यांनी मिनिटभर बघितला आणि म्हणाल्या, "ह्याले समदं म्हाईत शे." भाषा येत नसताना हे कळतं, ते नटाच्या बळावर.

सुरुवात आम्ही 'ग्रँटचेस्टर'पासून केली होती. 1950 च्या दशकातलं केंब्रिजजवळचं गाव, तिथला तरुण पाद्री सिडनी चेंबर्स, आणि त्याचा मित्र झालेला पोलीस इन्स्पेक्टर कीटिंग. दोघं मिळून खुनाचा छडा लावतात, संध्याकाळी पबमध्ये बॅकगॅमन खेळतात. पाद्री युद्धावर जाऊन आलेला आहे, रात्री दचकून उठतो, व्हिस्की जरा जास्त घेतो, जॅझ ऐकतो. जिच्यावर जीव आहे ती दुसऱ्याशी लग्न ठरवते. हे काम जेम्स नॉर्टन या नटाने केलंय. उंच, देखणा, आवाज चांगला, सायकलवरून जाताना कुणालाही आवडावा असा. जाऊबाईंनी त्याचं नाव 'देवमाणूस' ठेवलं. माझं त्याच्याबद्दलचं मत एका शब्दाचं होतं: सफाईदार. वाक्य अडखळत नाही, कुठे जास्त करत नाही, पण मागे वळून बघावं असं काही मला त्यात सापडलं नव्हतं. अशा देखण्या, सुरळीत नटांबद्दल आपण सगळेच एवढं बोलतो आणि पुढे जातो.

मग 'हॅपी व्हॅली' लावली.

तिच्याबद्दल थोडं सांगावं लागेल. बीबीसीची ही मालिका सॅली वेनराइट यांनी लिहिली. उत्तर इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या पश्चिम भागात काल्डर नदीचं खोरं आहे, तिथे ती घडते. वेनराइट स्वतः त्याच भागात वाढल्या. हा एके काळी कापडगिरण्यांचा मुलूख. डोंगरउतारावर दगडी घरं, खाली गिरण्यांच्या इमारती, आणि काम गेलेल्या गावांत शिरलेली ड्रग्ज. प्रताप मिलच्या भोंग्यावर ज्यांच्या घरातलं घड्याळ चालायचं आणि मिल बंद पडल्यावरचं गावही ज्यांनी बघितलं, अशा अमळनेरकरांना ते खोरं परकं वाटणार नाही. कॅथरीन कॉवुड ही तिथली पोलीस सार्जंट. वय सत्तेचाळीस, घटस्फोटित, नशेतून सुटलेल्या बहिणीसोबत राहते. तिच्या मुलीवर एकाने बलात्कार केला, मुलीला मूल झालं आणि त्यानंतर तिने आत्महत्या केली. तो नातू कॅथरीन वाढवतेय. त्यापायी नवरा गेला, मुलगा दुरावला. आणि तो गुन्हेगार, टॉमी ली रॉइस, दुसऱ्या एका गुन्ह्याची शिक्षा भोगून तुरुंगातून सुटून गावात आलाय.

टॉमी पडद्यावर आला आणि जाऊबाई पुढे सरकून बसल्या. "हाऊ तर देवमाणूस व्हता ना? आते काय करी ऱ्हायना हाऊ?"

तो जेम्स नॉर्टनच होता. दोन्ही मालिका एकाच वर्षी, 2014 साली, सुरू झाल्या. एप्रिलमध्ये टॉमी, ऑक्टोबरमध्ये पाद्री. तिकडच्या प्रेक्षकांनी आधी राक्षस बघितला आणि मग देवमाणूस; आम्ही उलट्या क्रमाने बघितलं, म्हणून मला धक्का जास्त बसला असेल. पण धक्का ओसरल्यावर मी प्रॉम्प्टरच्या नजरेने बघायला लागले. हा माणूस खलनायक 'करत' नाही. डोळे मोठे करणं नाही, ओठ वाकडे करणं नाही, हसून भीती घालणं नाही. तो बहुतेक वेळ नुसता उभा असतो किंवा बसलेला असतो, आणि समोरच्याचं बोलणं त्याच्यापर्यंत एक क्षण उशिरा पोचतं. त्या क्षणात तो काय करेल ते कळत नाही. आपल्याला एक मुलगा आहे हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते बघून मला त्याची कीवही आली आणि त्याच वेळी मुलाला त्याच्यापासून लांब न्यावं असंही वाटलं. दोन्ही भावना एका चेहऱ्यावरून प्रेक्षकाला देणं ही किती अवघड गोष्ट आहे, ते ज्यांनी तालमीत उमेदवारी केली आहे त्यांना विचारा.

पुढच्या पर्वांत तो बहुतेक वेळ तुरुंगात असतो. केस वाढलेले, चेहरा ओढलेला, मुलगा मोठा होतोय हे दुरून बघतोय. मालिकेचा शेवटचा भाग 5 फेब्रुवारी 2023 ला दाखवला गेला. त्यात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी टॉमी आणि कॅथरीन समोरासमोर येतात. काय होतं ते सांगणार नाही, ज्यांना बघायचंय त्यांचा रस जायला नको. एवढंच सांगते की त्याआधी त्याने त्या घरातले मुलाचे फोटोंचे अल्बम चाळलेले आहेत. मुलगा लाडात, मायेत वाढलाय हे त्याला पहिल्यांदा कळलंय. तो प्रसंग जवळपास सगळा बोलण्यावर आणि बोलण्यामधल्या थांबण्यावर चालतो. नॉर्टनचा श्वास तिथे पोटात आहे. मी तो प्रसंग परत लावला, आवाज बंद करून. आवाजाशिवायही कुठल्या वाक्याने तो दुखावला आणि कुठल्या वाक्याने निवळला ते कळत होतं.

त्यानंतर आम्ही 'ग्रँटचेस्टर'चा पहिला भाग पुन्हा बघितला. जी मला सफाई वाटली होती ती आता वेगळी दिसली. युद्धातली आठवण आल्यावर हा पाद्री समोरच्या माणसाशी हसून बोलतो, पण हसण्याआधी एक श्वास अलगद आत घेतो, कुणाला दिसू नये असा. टॉमीमध्ये जे उघडं पडतं तेच इथे झाकून ठेवलंय. झाकणं ही त्या भूमिकेची गरज होती. नॉर्टनने केंब्रिजमध्ये धर्मशास्त्राची पदवी घेतली आणि मग राडा या लंडनच्या नाट्यशाळेत शिकला. म्हणजे पाद्री त्याला विषय म्हणून ओळखीचा होता. टॉमी कुठून आणला ते त्यालाच ठाऊक. आज मी म्हणेन की हा मोठ्या ताकदीचा नट आहे.

पण माझं उत्तर नॉर्टनवर थांबत नाही, कारण तो कधी रोजच्या मालिकेतला नट नव्हता. पत्रलेखक वाचकांनी कॅथरीनचं काम करणाऱ्या सॅरा लँकाशर यांच्याकडे बघावं.

पहिल्याच प्रसंगात एक तरुण पेट्रोल अंगावर ओतून मुलांच्या खेळण्याच्या मैदानात उभा आहे, हातात लायटर. कॅथरीन डोळ्यांवर गॉगल चढवून, आग विझवायचं सिलिंडर हाताशी घेऊन त्याच्याकडे जाते आणि स्वतःची ओळख करून देते. घटस्फोट, बहिणीची नशा, गेलेली मुलगी, न बोलणारा मुलगा, हे सगळं ती रेशनकार्डावरची नावं वाचावीत तशा सुरात सांगते. एकाही शब्दावर जोर नाही. 'मुलगी गेली' इथे तर ती थांबतही नाही. बाजारात भाजी घेता घेता एखादी बाई आपलं सगळं आयुष्य सांगून टाकते आणि पुढच्या वाक्यात कोथिंबिरीचा भाव विचारते, ती मला आठवली. लँकाशर यांनी दुःखाची जागा पळवत नेली आणि पुढे अठरा भागांत ते दुःख जिथे कुणी अपेक्षा करणार नाही तिथे बाहेर काढलं. कमरेचा पोलिसी पट्टा काढून ठेवताना, घराच्या मागच्या दारात बहिणीशेजारी चहाचा कप घेऊन बसताना. या कामासाठी त्यांना 2017 आणि 2024 साली उत्कृष्ट अभिनेत्रीचं बाफ्टा हे ब्रिटनचं मानाचं पारितोषिक मिळालं.

आता या बाई आल्या कुठून? 'कोरोनेशन स्ट्रीट'मधून. ही मालिका 9 डिसेंबर 1960 ला सुरू झाली आणि अजून चालू आहे. आपल्याकडे ज्याला सासू-सुनांची मालिका म्हणतात त्या सगळ्या प्रकाराची ती आजी. एक गल्ली, कोपऱ्यावरचा पब, शेजारपाजार, लग्नं, भांडणं. लँकाशर यांचे वडील जेफ्री लँकाशर हे या मालिकेच्या लेखकांपैकी एक. मुलगी 1991 ते 1996 या काळात तिच्यात पबमधली रॅकेल होती. मॉडेल व्हायची स्वप्नं बघणारी, भोळी, लोकांच्या थट्टेचा विषय झालेली मुलगी. 2000 सालच्या जानेवारीत ती एका भागासाठी परत आली. पूर्ण भागात फक्त दोन पात्रं, रॅकेल आणि तिचा नवरा कर्ली. ती घटस्फोट मागायला आलीय आणि त्याला एक मुलगी आहे हेही सांगायचं आहे. त्यातले तुकडे मी शोधून बघितले. रॅकेलच्या त्या थांबण्यात कॅथरीन आहेच. फक्त तेव्हा तिला बघायला कुणी त्या नजरेने बसलं नसावं.

आणि ही एकटी नाही. सुरॅन जोन्स 2000 ते 2004 त्याच गल्लीत कॅरन होती, पुढे 'डॉक्टर फॉस्टर' आणि 'जंटलमन जॅक' तिने एकहाती पेलल्या. ज्युली हेझमंडॉल 1998 ते 2014 हेलीचं काम करत होती. तिने 'ब्रॉडचर्च'च्या तिसऱ्या पर्वात बलात्कार झालेल्या स्त्रीचं काम केलं, आणि तपासणीच्या वेळी तिचे हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नाही, ते बघताना जाऊबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सॅली वेनराइटही 1990 च्या दशकात 'कोरोनेशन स्ट्रीट' लिहीत होत्या. लेखिका, नट्या, सगळ्या त्याच पबच्या दारातून आलेल्या. मालिकेत काम केल्याने अभिनय मरत असता तर या बायका कुठून आल्या असत्या?

अभिनय मरत नाही. त्याला थांबायला जागा मिळत नाही, एवढंच.

'हॅपी व्हॅली'ची तीन पर्वं झाली, 2014, 2016 आणि 2023 साली. प्रत्येकी सहा भाग, म्हणजे नऊ वर्षांत अठरा तासांच्या आसपास. नातवाचं काम करणारा ऱ्हीस कॉना तिन्ही पर्वांत तोच आहे, मालिकेसाठी तो मोठा व्हायची वाट बघितली गेली. आपल्याकडे आठवड्याला सहा भाग जातात, म्हणजे अठरा भाग तीन आठवड्यांत संपतात. आमच्या संस्थेतली एक मुलगी आता मुंबईत एका मालिकेत नणंदेचं काम करते. तिचं आमच्याकडचं शेवटचं नाटक मला पूर्ण पाठ आहे. त्यात तिला भावाचं पत्र येतं. ती ते वाचायची, घडी घालायची, पुन्हा उघडायची, पुन्हा घडी घालायची, आणि मग म्हणायची, "जेवायला बसा." त्या दोन घड्यांमध्ये ती जेवढं थांबायची तेवढं थांबायचं धाडस मी फार कमी नटांत बघितलंय. जळगावच्या नाट्यगृहात त्या वेळी खुर्ची करकरली तरी ऐकू यायची. टॉर्च वहीवर धरून मी श्वास रोखून बसायचे, वाक्य द्यायचं नाही, द्यायचं नाही.

दिवाळीला ती घरी आली तेव्हा मी तिला विचारलं, पॉज घेतेस का गं तिथे? ती म्हणाली, मॅडम, सीनचा कागद सेटवर गेल्यावर हातात पडतो. बारा-तेरा तासांची शिफ्ट, दिवसाला अमुक मिनिटं फुटेज काढायचंच. ती एकदा थांबली, तर तिला सांगितलं गेलं की थांबू नको, तिथे आम्ही म्युझिक टाकणार आहोत. वाक्य झालं की तिने नुसतं बघायचं, मग सगळ्यांचे चेहरे एकामागून एक दाखवणार, प्रत्येकाला वेगळा ढणढणाट. म्हणजे नटाचं थांबणं काढून घेतलं आणि त्या जागी यंत्राचं थांबणं बसवलं. गावात लोक तिच्या आईला सांगतात, तुमच्या पोरीला आधी चांगलं काम यायचं. मला हे ऐकून फार वाईट वाटतं. तिचं काम कुठेही गेलेलं नाही.

सलग बघण्याचा एक फायदा मला इथे जाणवला. रोज वीस मिनिटं, त्यात कालचं काय झालं आणि उद्या काय होणार, असं बघताना आपण गोष्ट धरून ठेवतो आणि नट सुटतो. सहा तास ओळीने बघितले की गोष्ट आपोआप लक्षात राहते आणि नजर नटाकडे मोकळी होते. पहिल्या भागात कॅथरीन जिना कसा चढते आणि मार खाऊन रुग्णालयातून आल्यावर कसा चढते, ते एकाच रात्री बघितल्याशिवाय मला दिसलं नसतं. सलग बघण्याने डोळे बिघडतात, झोप बिघडते हे खरं असेल. अभिनय बघायला मात्र ती उत्तम रीत आहे.

आपल्या प्रेक्षकाला ही दृष्टी नाही असं कुणी म्हणू नये. दिलीप प्रभावळकर मुंबई दूरदर्शनवर चिमणराव होते. पुढे त्यांचा तात्या विंचू झाला, आणि हिंदीत गांधीजी. महाराष्ट्राने तिन्ही मनापासून स्वीकारले. निळूभाऊ फुल्यांना बाया थिएटरात शिव्या द्यायच्या, आणि त्याच निळूभाऊंचा 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीस बघून लोक सुन्न झाले होते. स्मिता पाटील तर आपल्या शिरपूरच्या घरातली. मोठ्या पडद्यावर येण्याआधी ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत होती. बातम्या वाचणारीला अभिनय काय येणार, असं तेव्हा एखाद्याने ठरवून टाकलं असतं तर? त्या काळी दूरदर्शनवर आठवड्याला एक अशा तेरा भागांच्या मालिका सर्रास असायच्या. तेरा भागांत गोष्ट संपायची, त्यामुळे लेखकाला शेवट माहीत असायचा आणि नटाला आपला प्रवास माहीत असायचा. हे आपण करून बसलेलो आहोत. ब्रिटिशांकडून नव्याने शिकायची गरज नाही, फक्त सोडून दिलेलं परत धरायचं आहे.

एक मुद्दा राहतोय आणि तो मला खानदेशी म्हणून मांडायचाच आहे. 'हॅपी व्हॅली'त सगळे यॉर्कशायरच्या बोलीत बोलतात. सार्जंट त्या बोलीत हुकूम सोडते, रडते, नातवाला रागावते. लंडनच्या प्रेक्षकाला ते जड गेलं असेल, तरी बोली पातळ केली नाही. नट घरच्या बोलीत बोलतो तेव्हा त्याचा श्वास मोकळा असतो, थांबणंही त्याचं स्वतःचं असतं. आमच्या अहिराणीला मोठ्या वाहिन्यांवर गंभीर नायिका कधी मिळणार? आमच्या बोलीतला माणूस दिसलाच तर तो हसवायला आलेला असतो. अहिराणीत दुःख सांगता येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी खानदेशातल्या लग्नघरी पाठवणीच्या वेळी उभं राहावं. आमच्याकडे नट आहेत, बोली आहे, आणि सहा भागांची अहिराणी मालिका ओटीटीवर येण्यात मला तरी काही अडचण दिसत नाही. जाऊबाईंना यॉर्कशायर कळतं, तर पुण्याच्या प्रेक्षकाला अहिराणी का कळू नये?

थोड्या भागांची मालिका काय करू शकते याचं ताजं उदाहरण 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस' हे आहे. जानेवारी 2024 मध्ये आलेली चार भागांची मालिका. संगणकाच्या बिघाडामुळे चोर ठरवलेल्या, तुरुंगात गेलेल्या ब्रिटिश टपाल खात्याच्या शाखाचालकांची खरी गोष्ट. मोनिका डोलन या नटीचा एक प्रसंग आहे. मदतीसाठी फोन कानाला लावून ती सांगितलेली बटणं दाबते, आणि पडद्यावरची तूट कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट होते. ती ओरडत नाही. कुणीतरी आपल्यावर विश्वास ठेवेल का, एवढंच चेहऱ्यावर येतं. वर्तमानपत्रांत हे प्रकरण बरीच वर्षं येत होतं, पण ही मालिका आल्यावर देश हलला आणि मे महिन्यात त्या लोकांच्या शिक्षा रद्द करणारा कायदा संमत झाला. टोबी जोन्स यांनी त्यात बेट्सचं काम केलंय. अख्ख्या चार भागांत त्यांनी टाळी घ्यायचं एकही वाक्य टाळीसाठी म्हटलेलं नाही.

संपादक महोदय, आता आपल्याकडे मागणं. आपल्या मनोरंजनाच्या पानावर मालिकांबद्दल येतं ते कुणाचं लग्न ठरलं, कुणी मालिका सोडली, कुणाची टीआरपी किती. त्या पानावर आठवड्यातून एकदा एखाद्या नटाच्या एखाद्या प्रसंगाबद्दल कुणाकडून तरी लिहून घ्या. त्याने किंवा तिने काय केलं, कसं केलं, एवढंच. मालिकेतलं असलं तरी चालेल, कारण ढणढणाटाच्या आतही कुणीतरी काहीतरी करत असतं. आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला जळगाव केंद्रावर आपला प्रतिनिधी निकालाच्या दिवसाआधीही पाठवा. सध्या आपल्याकडे फक्त विजेत्या संस्थांची यादी छापून येते. रोजच्या नाटकाबद्दल चार ओळी आणि नटांची नावं छापलीत, तर चोपडा, एरंडोल, पाचोऱ्याहून येणाऱ्या पोरापोरींना ते कात्रण मुंबईला नेता येईल. प्रतिनिधीला पुढच्या रांगेत बसवू नका. एखाद्या दिवशी त्याला विंगेत खुर्ची द्यायला संस्था आनंदाने तयार होतील, तशी मी दोन-तीन संस्थांशी बोलूनही ठेवलं आहे.

आपली,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)